नेम आणि चूक : छायाचित्रांतील लक्ष्यखुणांच्या मापनाची पारख

भाषेच्या अभ्यासकाने मोजणीच्या शास्त्रावर लेखणी चालवावी, ही काही वाचकांस अनधिकार चेष्टा वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्यामागील कारण प्रारंभीच सांगितलेले बरे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील शिवारांची, नाल्यांची व पाणवठ्यांची नावे टिपून घेण्याचे काम प्रस्तुत लेखक काही वर्षे करीत आला आहे. नाव टिपून झाले की ते नकाशावर नेमके कोठे लिहावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि आजचा नकाशा बहुधा आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून सिद्ध झालेला असतो. त्या नकाशावरील बिंदूवर किती विश्वास टाकावा, हे समजून घेतल्यावाचून त्याच्याशेजारी नाव लिहिणे योग्य नव्हे, असे वाटल्यावरून या विषयाची चौकशी करावी लागली.

दुसरे कारण अभ्यासपद्धतीचे आहे. उच्चारांचे मापन करताना आम्ही ध्वनीच्या आलेखावर स्वर कोठे सुरू झाला व कोठे संपला याच्या खुणा करतो. तेच काम दोन विद्यार्थ्यांस स्वतंत्रपणे दिले आणि दोघांच्या खुणा जुळल्या म्हणजे आम्हांस समाधान वाटते. परंतु दोघांनाही एकाच शिक्षकाने एकच चुकीची सवय लावलेली असेल, तर त्या जुळणीचे मोल काय? छायाचित्रांवरून मोजणी करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न अधिक कठोर स्वरूपात उभा असतो. कारण त्यांच्या खुणेवर कोणाचे तरी घर, बांधी अथवा रान अवलंबून असते. त्या प्रश्नाचा उलगडा सामान्य वाचकास करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छायाचित्रावरून मोजणी

एक डोळा मिटून हाताचे बोट दूरच्या झाडाच्या रेषेत धरावे आणि मग तो डोळा उघडून दुसरा मिटावा. बोट बाजूला सरकल्यासारखे दिसते. बोट जितके डोळ्याजवळ, तितके हे सरकणे अधिक. दोन डोळ्यांमधील अंतर आणि बोटाचे सरकणे ही दोन्ही ठाऊक असतील, तर बोट किती दूर आहे हे गणिताने काढता येते. डोळ्यांच्या जागी कॅमेऱ्याची दोन स्थाने कल्पिली की छायाचित्रमापनाचे तत्त्व हाती येते. एकाच वस्तूची निरनिराळ्या जागांवरून घेतलेली छायाचित्रे, आणि त्या प्रत्येकात त्याच बिंदूचे मोजलेले स्थान, यांवरून त्या बिंदूची लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांतील जागा निश्चित होते.

ही कल्पना नवी नाही. १८५८ साली आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुविशारद वेट्झलार येथील कॅथेड्रलची मापे घेत असता उंचावरून पडता पडता बचावला. भिंतींवर चढून मापे घेण्यापेक्षा इमारतीच्या छायाचित्रांवरूनच ती का घेऊ नयेत, असा विचार त्याने पुढे चालविला. फ्रान्समध्ये एमे लोसदा हा लष्करी अभियंता त्याच सुमारास जमिनीच्या नकाशांसाठी हे तंत्र विकसित करीत होता. काचेच्या पट्टीवरील छायाचित्राची जागा पुढे फिल्मने आणि फिल्मची जागा आता संख्यांच्या चौकटीने घेतली आहे. संगणकीय छायाचित्र म्हणजे लहान लहान चौकोनांची जाळी होय. त्यातील प्रत्येक चौकोनास पिक्सेल म्हणतात आणि त्या चौकोनात प्रकाश किती पडला ते एका संख्येने नोंदलेले असते.

अनेक छायाचित्रे परस्परांशी उत्तम जुळविली, तरी त्यांतून निघणारा आकार हवेत तरंगत राहतो. तो किती मोठा आहे आणि पृथ्वीवर कोठे आहे, हे त्याला बाहेरून सांगावे लागते. त्यासाठी जमिनीवरील काही जागा उपग्रह-ग्राहकाने अथवा अन्य साधनाने स्वतंत्रपणे मोजून ठेवतात. त्यांस आपण आधारबिंदू म्हणू. आधारबिंदूवर छायाचित्रात ओळखू येईल अशी जी खूण ठेवतात, ती लक्ष्यखूण. कोठे ती चार चौकटींची काळी-पांढरी पाटी असते, कोठे काळ्या पाटीवरील पांढरे वर्तुळ, तर कोठे जमिनीवर चुन्याने काढलेली फुली.

या सर्व व्यवहाराचा सांधा लक्ष्यखुणेत आहे. तिचे जमिनीवरील स्थान एका साधनाने मोजलेले असते आणि छायाचित्रातील स्थान दुसऱ्या साधनाने. त्या दोहोंची गाठ जेथे बांधली जाते, तेथे शिरलेली चूक पुढे संपूर्ण नकाशात पसरते. आता काही ड्रोनांवरच सूक्ष्म मापन करणारा उपग्रह-ग्राहक बसविलेला असतो, त्यामुळे आधारबिंदू थोडे ठेवून भागते. परंतु निष्पन्न झालेला नकाशा खरा की खोटा हे पाहण्यासाठी जमिनीवरील खुणांची गरज त्यानेही टळत नाही.

हिंगणघाटची आठवण

लक्ष्यखुणेची पारख कशी करावी याचा एक मोठा धडा आपल्याच परिसरात गिरविला गेला आहे. चंद्रपूरच्या वायव्येस, सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरांवर, हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्ब्टन याचे निधन झाले. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी जोडीत भारताची मोजणी करण्याचे काम त्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभिले होते. त्याच्या मागे जॉर्ज एव्हरेस्ट याने ते चालविले. दूरच्या टेकडीवरील निशाण हीच त्या काळची लक्ष्यखूण. दिवसाच्या तापलेल्या हवेत निशाण थरथरते व धूसर होते, म्हणून एव्हरेस्टने रात्री दिवे व दिवसा सूर्यप्रकाश परावर्तित करणारे आरसे यांचा उपयोग वाढविला. खूण स्पष्ट नसेल तर यंत्र कितीही उत्तम असून उपयोग नाही, हे त्यांस तेव्हाच उमगले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पडताळ्याची. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज, पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी किंचित वाढ वजा जाता, १८० अंश भरली पाहिजे. ती भरली म्हणजे कोन आपापसांत जुळले. पण लॅम्ब्टन तेवढ्यावर थांबला नाही. १८०४ साली त्याने बंगलोरजवळ दुसरी पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली आणि मद्रासपासून त्रिकोणांच्या गणिताने आलेल्या तिच्या लांबीशी ती ताडून पाहिली. त्रिकोणांची बेरीज ही आतली कसोटी; दुसरी पायारेषा ही बाहेरची. पहिली कसोटी उतरूनही दुसरी न उतरण्याचा संभव असतो, कारण मूळ पायारेषाच चुकलेली असेल तर त्रिकोण मात्र निमूटपणे जुळत राहतात. पुढील विवेचनात हा भेद ध्यानात ठेवावा.

पिक्सेलच्या आतले मापन

आता आजच्या ड्रोनकडे वळू. सर्वसाधारण वापरातील एका कॅमेऱ्यात पिक्सेलची रुंदी सुमारे २.४ मायक्रॉन आणि भिंगाचे नाभ्यंतर ८.८ मिलिमीटर असते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणास मुभा आहे. तेवढ्या उंचीवरून एका पिक्सेलमध्ये जमिनीचा किती भाग सामावतो? उंचीस नाभ्यंतराने भागून पिक्सेलच्या रुंदीने गुणावे. उत्तर सुमारे ३.३ सेंटिमीटर येते. अर्थात ६० सेंटिमीटर बाजूची पाटी छायाचित्रात अवघ्या १८ पिक्सेलांची दिसेल.

मग मापन ३.३ सेंटिमीटरांहून सूक्ष्म होऊच शकणार नाही काय? होऊ शकते. पांढऱ्या वर्तुळावरून जाणारी पाच पिक्सेलांची एक ओळ घ्या आणि त्यांतील प्रकाशाच्या संख्या अनुक्रमे १०, ६०, १००, ८० व २० आहेत असे समजा. सर्वांत उजळ पिक्सेल तिसरा आहे. परंतु उजवीकडील प्रकाश डावीकडील प्रकाशाहून अधिक आहे. प्रत्येक पिक्सेलच्या क्रमांकास त्यातील प्रकाशाने गुणून बेरीज केली तर ती ८५० येते, आणि प्रकाशाची एकूण बेरीज २७०. भागाकार ३.१५. म्हणजे खुणेचा मध्य तिसऱ्या पिक्सेलच्या मध्यापासून ०.१५ पिक्सेल पुढे आहे. जमिनीवर हे अंतर अर्धा सेंटिमीटर होते. तराजूच्या दांडीचा तोल जेथे साधतो तो बिंदू शोधण्यासारखीच ही रीत होय. याखेरीज खुणेच्या आदर्श आकृतीशी छायाचित्र ताडून पाहण्याच्या आणि कडांवर लंबवर्तुळ बसविण्याच्या रीतीही प्रचारात आहेत. प्रयोगशाळेतील स्थिर प्रकाशात, मोठ्या व स्पष्ट खुणांवर, पिक्सेलच्या दहाव्या भागाहूनही सूक्ष्म मापन साधते.

रान म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तेथे हा हिशोब अनेक वाटांनी बिघडतो.

खूण कोठे फसविते

पहिली वाट प्रकाशाची. खुणेच्या एका अंगावर झाडाची सावली पडली, की त्या अंगाच्या संख्या उतरतात आणि तोलाचा बिंदू उन्हाकडे सरकतो. उलटपक्षी वैशाखाच्या भर उन्हात चुना इतका लखलखतो, की कॅमेऱ्यातील संख्या कमाल मर्यादेस पोचून तेथेच थांबतात. पांढरेपणा शेजारच्या पिक्सेलांत सांडतो आणि खूण आहे त्याहून जाड दिसते.

दुसरी वाट गतीची. ड्रोन सेकंदास ८ मीटर वेगाने जात असता पडदा एक पाचशेअंश सेकंद उघडा राहिला, तर तेवढ्या अवधीत ड्रोन १.६ सेंटिमीटर पुढे गेलेले असते. ही पुसटता अर्ध्या पिक्सेलची झाली. ती सर्व खुणांवर उड्डाणाच्या दिशेनेच पडते, म्हणून खुणा परस्परांशी ताडून ती उघडकीस येत नाही.

तिसरी वाट भूमितीची. तिरप्या नजरेने पाहिलेले वर्तुळ लंबवर्तुळ दिसते, आणि त्या लंबवर्तुळाचा मध्य म्हणजे मूळ वर्तुळाच्या मध्याचे चित्र नव्हे. दोहोंत किंचित अंतर राहते. आकाशातून पाहिलेल्या लहान खुणेबाबत ते नगण्य असते. परंतु वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव येथे आहेत तशा शिल्पांकित मंदिरांचे जवळून मापन करावयाचे झाले, तर ते विसरून चालणार नाही. चार चौकटींच्या पाटीत हा दोष उद्भवत नाही. कारण दोन रेषांचा छेदबिंदू कोणत्याही कोनातून पाहिला तरी छेदबिंदूच राहतो.

चौथी वाट अर्थाची. आणि भाषेच्या अभ्यासकास तीच सर्वांत जवळची वाटते. खूण कशाची आहे, हे ठरलेले असते काय? गावठाणातील मिळकतींचे नकाशे करण्यासाठी केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनची छायाचित्रे घ्यावयाची आणि तत्पूर्वी गावकऱ्यांच्या समक्ष घरांच्या हद्दी चुन्याने आखावयाच्या, अशी तिची रीत आहे. महाराष्ट्र हे या योजनेच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांपैकी एक होय. चुन्याची रेघ १० सेंटिमीटर रुंद पडली तर छायाचित्रात ती तीन पिक्सेलांची होते. हद्द त्या पट्ट्याच्या मध्यावर मानावयाची की बाहेरच्या कडेवर? हे अगोदर ठरले नसेल, तर पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत केलेले मापन व्यर्थ होय. पिक्सेलचा एक दशांश म्हणजे तीन मिलिमीटर. अर्थाच्या संदिग्धतेने होणारी चूक पाच सेंटिमीटर.

चुना न टाकता घराचा कोपराच खूण म्हणून धरला, तर परिस्थिती याहूनही बिकट होते. या भागातील कवेलूच्या घरांचे छप्पर पावसापासून भिंत वाचविण्यासाठी बरेच पुढे काढलेले असते. आकाशातून दिसते ती वळचण, भिंत नव्हे. वळचण भिंतीपुढे अर्धा मीटर आली असेल, तर छायाचित्रातील कोपरा अत्यंत सूक्ष्मतेने मोजूनही घराची हद्द अर्ध्या मीटरने सरकेल. शेजाऱ्याच्या अंगणात गेलेला अर्धा मीटर गावात पिढ्यान्पिढ्यांच्या वैरास पुरेसा होतो, हे सांगणे नलगे.

पारखीच्या कसोट्या

लक्ष्यखुणेच्या मापनाची परीक्षा निरनिराळ्या कसोट्यांनी करतात. प्रत्येक कसोटी एका ठरावीक प्रश्नाचेच उत्तर देते, हे विसरल्याने पुष्कळ गैरसमज होतात.

पहिली कसोटी पुनरावृत्तीची. तीच खूण त्याच छायाचित्रात पुनःपुन्हा मोजावी, दोन माणसांकडून मोजवून घ्यावी, किंवा एकाच जागेच्या अनेक छायाचित्रांत मोजावी. उत्तरे जवळजवळ पडली, तर मापन स्थिर आहे एवढे सिद्ध होते.

दुसरी कसोटी कृत्रिम छायाचित्राची. खुणेचा मध्य आपणच ठरवून संगणकावर तिचे चित्र तयार करावे, त्यात मुद्दाम पुसटपणा व प्रकाशाचे दोष मिसळावेत आणि मोजणीची रीत तो मध्य हुडकून काढते की नाही ते पाहावे. येथे खरे उत्तर हाती असल्याने चूक थेट मोजता येते. मात्र आपल्याला सुचलेले दोषच आपण मिसळू शकतो.

तिसरी कसोटी ज्ञात सरकण्याची. पाटी सूक्ष्म स्क्रूच्या आधारे बसवून ती दर वेळी ठरावीक अंतराने सरकवावी आणि छायाचित्रात ती तितकीच सरकली काय, ते पाहावे. पुष्कळदा असे आढळते की खूण पिक्सेलच्या मध्यावर असता मापन बरोबर येते आणि दोन पिक्सेलांच्या दरम्यान असता ते एका बाजूस ओढले जाते. ही चूक लाटेप्रमाणे दर पिक्सेलागणिक पुन्हा उद्भवते. एकाच जागी ठेवलेली खूण शंभर वेळा मोजूनही ती सापडणार नाही.

चौथी कसोटी ज्ञात लांबीची. दोन्ही टोकांस खुणा असलेली, प्रमाणित लांबीचा दंड दृश्यात ठेवावा आणि छायाचित्रावरून निघालेली त्याची लांबी ताडून पाहावी. लॅम्ब्टनच्या बंगलोरच्या पायारेषेचे हे लहान रूप होय.

पाचवी, आणि नकाशाच्या बाबतीत निर्णायक, कसोटी पडताळाबिंदूंची. जमिनीवर मोजलेल्या सर्व खुणा गणितात न घालता काही बाजूस राखून ठेवावयाच्या. नकाशा पूर्ण झाल्यावर त्यावरून या राखीव खुणांची स्थाने वाचावयाची आणि ती जमिनीवरील मापनाशी ताडावयाची. जमिनीवरील हे मापन नकाशाहून पुष्कळ सूक्ष्म असले पाहिजे. एरवी चूक कोणाची हेच कळणार नाही. आधारबिंदूंवर राहिलेली तफावत दाखवून नकाशाच्या अचूकतेची ग्वाही देणे हे विद्यार्थ्याने स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच गुण देण्यासारखे आहे. कारण गणिताने आकृती त्याच बिंदूंवर ओढून बसविलेली असते. अमेरिकेतील छायाचित्रमापन व दूरसंवेदन संस्थेने २०२३ च्या आपल्या मानकांत असे किमान ३० पडताळाबिंदू असावेत असे सांगितले आहे. संख्येइतकेच महत्त्व त्यांच्या जागांना आहे. सर्व पडताळाबिंदू शाळेच्या पटांगणात व सडकेच्या कडेस ठेवले, तर परीक्षा पटांगणाची होईल, रानाची नव्हे.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. पाच पडताळाबिंदूंवर पूर्वेच्या दिशेने ६, ५, ७, ६ व ६ सेंटिमीटर अशी तफावत आली. ही उत्तरे परस्परांच्या फार निकट आहेत. त्यांच्या सरासरीभोवतीचा विस्तार जेमतेम ०.६ सेंटिमीटर भरतो. परंतु तफावतींचे वर्ग करून, त्यांची सरासरी घेऊन, तिचे वर्गमूळ काढले तर ते ६ सेंटिमीटर येते. पहिली संख्या मोजणाऱ्याचे समाधान करील. दुसरी जमिनीच्या मालकास जागे करील. संपूर्ण नकाशा पूर्वेकडे सरकलेला आहे, आणि केवळ पुनरावृत्तीच्या कसोटीने हे कधीच कळले नसते.

अचूक आणि नेमके

या दोन संख्यांना दोन निरनिराळी नावे हवीत. बोलण्यात आपण अचूक, बिनचूक, नेमके, तंतोतंत हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्रीय लेखनात तसे करणे घातक आहे. सुदैवाने मराठीचा स्वतःचा कल येथे साहाय्यास येतो. चुकणे या क्रियापदाचा एक जुना अर्थ लक्ष्यापासून ढळणे हा आहे. बाण चुकतो, वाट चुकते, नेम चुकतो. त्या दृष्टीने अचूक म्हणजे लक्ष्य न चुकणारे. नेमका हा शब्द नेम या शब्दाच्या कुळातला. आणि नेम म्हणजे नियम, ठरलेपणा, तसेच रोखलेली नजरही. म्हणून जे मापन पुनःपुन्हा एकाच जागी पडते त्यास नेमके म्हणावे, आणि जे सत्य स्थानी पडते त्यास अचूक. धनुष्याचा दांडा वाकडा असेल तर तिरंदाजाचे पाचही बाण एकाच जागी, पण लक्ष्याच्या हातभर डावीकडे पडतील. त्याचा नेम पक्का आहे, आणि तरी तो चुकला आहे. नेम चुकला या आपल्या नित्याच्या शब्दप्रयोगातच हा भेद दडलेला आहे.

त्याचप्रमाणे चूक या एका शब्दाखाली तीन गोष्टी एकत्र येतात, त्याही वेगळ्या कराव्यात. एक गफलत : क्रमांक चारच्या पाटीस पाच म्हणून नोंदणे. दुसरी यादृच्छिक त्रुटी : कधी इकडे, कधी तिकडे होणारी, ती अनेक मापनांची सरासरी घेतल्याने ओसरते. तिसरी पद्धतशीर त्रुटी : नेहमी एकाच बाजूस ओढणारी, ती सरासरीने तसूभरही कमी होत नाही. पहिली दक्षतेने टळते, दुसरी श्रमाने घटते. तिसरी मात्र बाहेरच्या साक्षीवाचून दिसत नाही.

रानातील शीव

आता ज्या भूमीवरून हा विचार सुरू झाला तेथे परत जाऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बव्हंशी वनाच्छादित आहे. येथील गावाची शीव कागदावरील रेषेपेक्षा माणसांच्या बोलण्यात अधिक नांदते : अमुक मोहाचे झाड, त्यापुढील नाल्याचे वळण, मग टेकडीवरील देवाचा दगड. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला, आणि २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. अशा हक्काबरोबर बांबू व तेंदूपान यांची व्यवस्था गावाकडे येते. तेव्हा शीव कोठून जाते हा प्रश्न चुलीपर्यंत पोचणारा आहे.

अशा शिवेवरील खुणांचे मापन छायाचित्रांवरून करावयाचे तर अडचणी दुहेरी आहेत. पालवीखाली ठेवलेली पाटी ड्रोनला दिसत नाही, आणि त्याच पालवीखाली उपग्रहाचे संदेश फांद्या-बुंध्यांवरून परावर्तित होऊन ग्राहकाचेही मापन बिघडवितात. म्हणजे लक्ष्य व त्याची साक्ष दोन्ही एकदमच अंधुक होतात. श्रावणात घेतलेल्या छायाचित्रात जमीन म्हणून जे मोजले जाते ते बहुधा झाडांचा शेंडा असतो. सागाची पाने झडलेली असताना, उन्हाळ्याच्या तोंडी उड्डाण केल्यास जमीन पुष्कळ दिसू लागते. जेथे तेव्हाही दिसत नाही, तेथे जवळच्या मोकळ्या जागी लक्ष्यखूण ठेवून तेथून शिवेच्या बिंदूपर्यंतचे अंतर व दिशा जमिनीवरच मोजणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत विश्वासाचा आहे.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. एका गावाच्या शिवेची एक बाजू १० किलोमीटर लांब आहे आणि नकाशा त्या बाजूस लंब दिशेने ५ मीटर सरकलेला आहे, असे समजा. त्या बाजूने गावाचे ५ हेक्टर रान जाईल आणि समोरच्या बाजूने शेजारच्या गावाचे जवळजवळ तेवढेच यात येईल. एकूण क्षेत्रफळ मात्र जसेच्या तसे राहील. कार्यालयात क्षेत्रफळ ताडून पाहणाऱ्यास सर्व आलबेल दिसेल, आणि तेंदूच्या हंगामात दोन गावे एकमेकांसमोर उभी राहतील. क्षेत्रफळाची जुळणी ही त्रिकोणाच्या बेरजेसारखी आतली कसोटी आहे. ती सरकलेल्या शिवेस पकडू शकत नाही.

मग बाहेरची साक्ष कोणाची? वनहक्क नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने या प्रश्नास मार्मिक उत्तर दिले आहे. उपग्रहाची छायाचित्रे व अन्य तंत्रज्ञान हे इतर पुराव्यास पूरक म्हणून वापरता येईल, त्या पुराव्याची जागा त्यास घेता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन हेही नियमांनी पुरावा म्हणून मानलेले आहे. मापनशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शीव चालत जाऊन दाखविणारे म्हातारे हे एक प्रकारचे पडताळाबिंदू होत. नकाशा करताना ते गणितात घातलेले नसतात, म्हणूनच त्यांच्या साक्षीस मोल आहे.

तथापि ही साक्षही पारखून घ्यावी लागते. एकाच नाल्यास मराठी बोलणारा एक नाव देतो आणि माडिया बोलणारा दुसरे. टिपणाऱ्यास ते ठाऊक नसेल तर एका खुणेच्या नकाशावर दोन खुणा होतात. उलट एकाच नावाचे दोन पाणवठे असले तर दोन खुणांची एक होते. पाटीचा क्रमांक चुकीचा नोंदण्यासारखीच ही गफलत आहे. म्हणून शिवेवरील खुणांची नावे निरनिराळ्या माणसांकडून, निरनिराळ्या दिवशी आणि शक्य तर त्या जागी उभे राहून विचारावीत. नाव, बोली व खुणेचे वर्णन ही तिन्ही एकत्र नोंदवावीत.

एवढ्या विवेचनावरून निघणारे मागणे साधे आहे. छायाचित्रांवरून केलेला कोणताही नकाशा ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा त्याच्याबरोबर तीन गोष्टी मराठीत लिहून याव्यात. पडताळ्यासाठी किती बिंदू राखून ठेवले होते आणि ते कोठे होते. त्या बिंदूंवर नकाशा किती व कोणत्या दिशेस चुकला. आणि प्रत्येक प्रकारची खूण म्हणजे नेमके काय धरले — रेघेचा मध्य की कड, भिंत की वळचण. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तंत्रज्ञाने सांगावयाच्या आहेत. तिसरी गावाने व तंत्रज्ञाने मिळून, उड्डाणाच्या अगोदर, ठरवावयाची आहे. मापन कितीही सूक्ष्म झाले, तरी कशाचे मापन करावयाचे हा निर्णय बोलण्यातूनच होतो, आणि त्या बोलण्याची नोंद ठेवणे हा मोजणीचाच भाग मानला पाहिजे.

प्रस्तुत लेखक मापनशास्त्राचा विद्यार्थी आहे, तज्ज्ञ नव्हे. विवेचनात कोठे नेम चुकला असल्यास जाणकारांनी तो दाखवून द्यावा.